दलाली दोघांकडून, जबाबदारी कुणाशी?

'पेपर एकदम क्लिअर आहेत.' मुंबई-पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात घर बघायला निघालेल्या माणसाच्या कानावर हे वाक्य पडलं नाही, असं होत नाही. एजंट ते इतक्या सहज बोलून जातो की पुढे काही विचारणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं, असं वाटायला लागतं. पण कोणते पेपर? सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करण्याचा परवाना, किती मजल्यांपर्यंतची आहे? ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, मिळाली आहे का? इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावावर झाली, की अजून मूळ मालकाच्या वारसांच्याच नावावर आहे? सब-रजिस्ट्रारकडचा सर्च कुणी घेतला आणि किती वर्षांचा? फ्लॅटवर आधीच्या मालकाचं कर्ज आहे का? यातलं एक जरी नेमकं विचारलं तरी उत्तर येतं, "साहेब, बँक लोन देतेय. काही असतं तर दिलं असतं का?" आणि आपण गप्प बसतो.

माझं म्हणणं असं आहे : जो माणूस घर घेणाऱ्याकडून दलाली घेतो, त्याच्यावर त्या घराविषयी खरं बोलण्याची आणि ठाऊक असलेलं न लपवण्याची कायदेशीर जबाबदारी असली पाहिजे. नव्या प्रकल्पांपुरती ती काही अंशी आली आहे. जुना फ्लॅट, भाड्याचं घर, गावाकडचा प्लॉट या व्यवहारांत ती जवळजवळ नाही, आणि सामान्य माणसाची एजंटशी गाठ पडते ती बहुधा याच व्यवहारांत.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण तो वाटतो तितका लेचापेचा नाही. भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या कलम १७मध्ये फसवणुकीची व्याख्या आहे : खोटं आहे हे माहीत असून सांगणं, किंवा ठाऊक असलेली गोष्ट मुद्दाम दडवणं. हे कुणालाही पटेल. त्याहून मोलाचं आहे ते कलम १८. एखाद्याने हातात पुरेशी माहिती नसताना एखादी गोष्ट ठामपणे सांगितली आणि ती खोटी निघाली, तर ती स्वतः खरी मानून सांगितली असली तरी कायद्याच्या दृष्टीने ते चुकीचं कथन ठरतं. आता 'पेपर क्लिअर आहेत' याकडे पुन्हा बघा. बोलणाऱ्याने एकही कागद वाचलेला नाही. त्याच्या मनात लबाडीही नसेल. मालक म्हणाला म्हणून तोही म्हणाला. पण त्याने 'मालक असं म्हणतात' असं सांगितलं नाही, 'आहेत' असं सांगितलं. कलम १८ नेमकं याच जागी बोट ठेवतं. न तपासता छातीठोकपणे बोलण्याला कायद्याने दीडशे वर्षांपूर्वीच दोष म्हटलेलं आहे.

याच कायद्याचं कलम २३८ सांगतं की एजंटने आपल्या कामाच्या ओघात केलेली फसवणूक किंवा चुकीचं कथन हे करारावर होणाऱ्या परिणामापुरतं मालकानेच केलं असं धरलं जातं. 'ते एजंट बोलला, आम्ही नाही बोललो' असं म्हणून विकणाऱ्याला हात झटकता येत नाहीत. कलम २२० म्हणतं की ज्या कामात एजंटने गैरवर्तन केलं, त्या कामाच्या मोबदल्यावर त्याचा हक्क राहत नाही. शिवाय १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५नुसार मालमत्तेतला किंवा मालकी हक्कातला मोठा दोष, जो घेणाऱ्याला साध्या काळजीने कळला नसता, तो उघड करण्याचं बंधन विकणाऱ्यावर आहे.

मग अडतं कुठे? पहिली अडचण अशी की हे सगळं विकणाऱ्याभोवती फिरतं. चुकीच्या कथनावरचा मुख्य इलाज म्हणजे करार रद्द करून घेणं. ज्याने प्रॉव्हिडंट फंड काढला, बायकोचे दागिने मोडले, जुनं घर विकून नव्यात सामान हलवलं, तो करार रद्द करून जाणार कुठे? आणि तोवर एजंट आपली दलाली घेऊन पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेलेला असतो. दुसरी अडचण कलम १९मध्ये आहे : साध्या दक्षतेने खरं शोधून काढणं शक्य होतं, असं दिसलं तर चुकीच्या कथनाच्या आधारावर करार मोडता येत नाही. सातबारा ऑनलाइन आहे, मालमत्ता पत्रक ऑनलाइन आहे, नोंदणी विभागाचा ई-सर्च आहे, गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या महारेराची वेबसाइट आहे. 'सगळं एका क्लिकवर होतं, तुम्ही बघितलं का नाही?' असा प्रश्न समोरचा वकील हमखास विचारतो. सरकारने पारदर्शकता आणली ती ग्राहकासाठी. तिचा असाही उपयोग होतो.

ग्राहकाने डोळे उघडे ठेवावेत हे मलाही मान्य आहे. पण कुणाकडून किती दक्षता मागायची, याचं काही प्रमाण हवं. शाळेत शिकवणारी बाई किंवा एसटीचा कंडक्टर आयुष्यात एकदा घर घेतो. एजंटचं रोजचं काम तेच. सातबाऱ्याच्या 'इतर अधिकार' रकान्यातली एक ओळ वाचून जाणकार तलाठ्याकडे फेरफार मागतो. बाकीच्यांना ती ओळ असते हेही ठाऊक नसतं. हे ज्ञान आपल्याजवळ आहे, असं सांगूनच एजंट पैसे घेतो.

तिसरी अडचण मला सर्वांत मोठी वाटते. करार कायद्यात एजंटची कर्तव्यं बरीच आहेत : कौशल्याने आणि काळजीने काम करणं, हिशेब देणं, अडचण आली तर कळवणं, आपला छुपा फायदा न बघणं. पण ही सगळी ज्याने त्याला नेमलं त्याच्याशी आहेत. आपल्याकडे नेमलं कुणी, हेच धूसर असतं. मुंबई-पुण्यात विकणाराही एक-दोन टक्के देतो, घेणाराही देतो. भाड्याच्या घरात अनेक ठिकाणी घरमालक एका महिन्याचं भाडं देतो आणि भाडेकरूही देतो. लेखी नेमणूक कुठेच नाही. एकाच माणसाने विकणाऱ्याला जास्तीत जास्त किंमत मिळवून द्यायची आणि घेणाऱ्याला कमीत कमी. दोन्ही एका वेळी कसं जमणार?

ते प्रत्यक्षात कसं चालतं, हे ज्यांनी घराचा व्यवहार केला आहे त्यांना माहीत आहे. रविवारी सकाळी व्हिजिट असते. एजंट आधीच येऊन दिवे लावून ठेवतो, खिडक्या उघडतो, भिंतीच्या ज्या कोपऱ्यात ओल आली आहे तिथे कपाट असतं. जिन्यात उतरताना घेणाऱ्याला म्हणतो, "दुसरी पार्टी संध्याकाळी टोकन घेऊन येतेय, तुमचं काय ते आत्ता सांगा." दुपारी विकणाऱ्याला फोन करतो, "मार्केट थंड आहे काका, एवढ्यात सोडून द्या." दुसरी पार्टी असते किंवा नसते. मार्केट थंड असतं किंवा नसतं. दोघांनाही वाटतं की हा आपला माणूस आहे. विकणाऱ्याला ६२ लाख सांगायचे, घेणाऱ्याला ६५, आणि मधले आपल्याकडे ठेवायचे, असेही प्रकार होतात. नेमणाऱ्याला अंधारात ठेवून कमावलेला असा फायदा त्याला परत मागता येतो, हे करार कायद्याच्या कलम २१६मध्ये लिहिलेलं आहे. पण नेमणुकीचा कागद नाही, दलालीची पावती नाही, आणि पैसे रोख दिलेले. मागणार कशाच्या जोरावर?

नवीन प्रकल्पात आणखी एक गोष्ट घडते. तिथला एजंट बिल्डरचा 'चॅनल पार्टनर' असतो आणि ग्राहकाला सांगतो, "तुमच्याकडून एक रुपया नको." ग्राहक खूश होतो. पण एजंटचे पैसे बिल्डर देत असेल, तर तो आपल्याला कुठला प्रकल्प दाखवतोय आणि कुठला दाखवत नाही, यामागे कुठल्या बिल्डरचं कमिशन मोठं आहे हे कारण असू शकतं. ते कमिशन किती, हे ग्राहकाला कळलंच पाहिजे. त्याशिवाय त्या सल्ल्याचं वजन त्याला ठरवता येणार नाही.

खोटं बोलणं आणि न तपासता बोलणं यांचं झालं. उरतं ते गप्प राहणं, आणि कायद्याला सर्वांत अवघड जातं तेही हेच. कलम १७चं स्पष्टीकरण म्हणतं की नुसतं मौन म्हणजे फसवणूक नव्हे. बोलण्याचं कर्तव्य असेल तर मात्र मौन फसवणूक ठरतं. म्हणजे सगळा प्रश्न येऊन थांबतो तो एजंटवर घेणाऱ्याशी बोलण्याचं कर्तव्य आहे का, यावर.

२५ जुलै २०२४ला पुण्यात खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत ते घरांत शिरलं. माणसांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. मुठा नदीच्या काठाला पूररेषा आखलेल्या आहेत : निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आता समजा, पाणी ओसरल्यावर पुढच्या मार्चमध्ये अशा भागातला एक फ्लॅट विकायला निघाला. पार्किंगच्या खांबांना नवा रंग दिलेला, मीटरचं पॅनेल पूर्वी होतं त्याच्या बरंच वर नेऊन बसवलेलं, तळमजल्याची दारं नवी. तिथे दहा वर्षं काम करणाऱ्या एजंटला हे पॅनेल वर का गेलं, ते ठाऊक असतं. सांगलीहून बदली होऊन आलेल्या माणसाला ते दिसतसुद्धा नाही. एजंट खोटं बोलत नाही. तो फक्त 'नदीकाठ आहे, हवा छान येते' म्हणतो. आजच्या कायद्यात विकणाऱ्यावर तरी कलम ५५चा दावा लावून बघता येईल. एजंटला घेणाऱ्यासमोर जबाबदार धरायला स्पष्ट असं काही हाती लागत नाही.

हा प्रश्न इतरत्र सुटलेला आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात १९७६ साली ईस्टन नावाच्या एका महिलेने १ लाख ७० हजार डॉलरला घर घेतलं. थोड्याच काळात जमीन खचली, कारण घर नीट न दाबलेल्या भरावावर उभं होतं. विकणाऱ्याने आधीच्या घसरणी सांगितल्या नव्हत्या. एजंटांना त्या घसरणी ठाऊक नव्हत्या, पण उतारावर माती धरून ठेवायला टाकलेली जाळी आणि गेस्ट हाउसची वाकडी जमीन अशी लक्षणं त्यांच्या नजरेला पडलेली होती. १९८४ साली तिथल्या अपील न्यायालयाने ईस्टन खटल्यात निकाल दिला की एजंटने घर सावधपणे डोळ्यांखालून घातलं पाहिजे आणि किमतीवर परिणाम करणारं जे दिसेल ते घेणाऱ्याला सांगितलं पाहिजे, मग तो विकणाऱ्याचा एजंट असला तरी. पुढच्याच वर्षी राज्याने ते कायद्यात घातलं. तिथे एजंटला भिंत फोडायला सांगितलेली नाही, जमिनीची तपासणी करायला सांगितलेली नाही. डोळ्यांना दिसतं ते कागदावर लिहून दे, एवढंच.

आपल्याकडे रेरा हा स्थावर मालमत्ता नियमनाचा कायदा २०१६ साली आला आणि त्याने एजंट नावाच्या माणसाची दखल घेतली. याचं श्रेय दिलंच पाहिजे. नोंदणी नसलेल्या एजंटला नोंदणीकृत प्रकल्पातलं घर विकायला मदत करता येत नाही. कलम १०नुसार त्याने नोंदणी नसलेल्या प्रकल्पातलं घर विकायचं नाही, हिशेबाच्या वह्या ठेवायच्या, दिशाभूल करणारी विधानं करायची नाहीत, आणि बुकिंगच्या वेळी ग्राहकाला ज्या कागदांचा हक्क आहे ते मिळवून द्यायचे. मोडलं तर कलम ६२खाली रोज दहा हजार रुपये दंड, जास्तीत जास्त त्या घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत. महाराष्ट्रात महारेराने २०२३मध्ये एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, आणि प्रमाणपत्र न मिळवणाऱ्या सुमारे २०,००० एजंटांची नोंदणी २०२४मध्ये स्थगित केली. १ ऑगस्ट २०२३पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड असावा लागतो. मोबाइल धरला की प्रकल्पाची माहिती समोर.

पण रेराचा नोंदणी नंबर, तो कोड म्हणजे सगळं नव्हे. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून रेराची नोंदणी मिळवली आणि नोव्हेंबर २०२४मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. रेरा नंबर बघून, बँकेचं कर्ज घेऊन लोकांनी तिथे घरं घेतली होती. नालासोपाऱ्यात डम्पिंग ग्राउंड आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या ४१ इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या. वरळीच्या कॅम्पा कोला आवारात मंजुरीपेक्षा कितीतरी जास्त मजले चढवलेले होते. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने वरचे मजले पाडायला सांगितले, तेव्हा तिथे लोकांचा संसार वीस-पंचवीस वर्षं झालेला होता. या सगळ्यांत बिल्डरचं नाव येतं, अधिकाऱ्यांवर बोट जातं, आणि ते योग्यच आहे. पण या घरांचे सौदे जिथे कुणी मध्यस्थाने जुळवून दिले आणि दोन्हीकडून दलाली घेतली, त्याला 'मंजूर नकाशा तू पाहिलास का?' एवढं तरी विचारलं जायला हवं. ते सहसा विचारलं जात नाही.

आणि रेरा थांबतो तो प्रकल्पाच्या हद्दीत. दादरच्या तीस वर्षं जुन्या सोसायटीतला फ्लॅट, सदाशिव पेठेतलं भाड्याचं घर, दिव्यातली चाळ, यातलं काहीच त्याच्या कक्षेत येत नाही. ज्याला महारेराने स्थगिती दिली तोही या बाजारात उद्या सकाळी फलक लावून बसू शकतो. जमिनीच्या बाबतीत तर याहून वाईट आहे. 'एक गुंठा, दोन गुंठे, हप्त्याने' असे फलक शहरांच्या चारही बाजूंना आहेत. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. तुकडेबंदीचा १९४७चा कायदा शेतीचे इतके लहान तुकडे विकायला आडकाठी करत आलेला आहे. म्हणून काही ठिकाणी व्यवहार होतो तो नोटरीच्या स्टॅम्प पेपरवर किंवा कुलमुखत्यारपत्रावर. 'सातबारा नंतर चढेल' असं सांगितलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट केलंय की कुलमुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही. शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, तर एजंट म्हणतो, "शेतकरी दाखला आपण करून देऊ." हे तर उघड बेकायदेशीर काम आहे, आणि ते मदत म्हणून सांगितलं जातं. कोकणात एका सातबाऱ्यावर पंधरा-वीस हिस्सेदार, त्यातले निम्मे मुंबईत. एकाची सही घेऊन 'समुद्र दिसतो' म्हणून प्लॉट विकला जातो. बाकीचे गणपतीला गावी येतात तेव्हा त्यांना कळतं.

एजंटांची बाजू मी अनेकदा ऐकली आहे आणि ती खोडून टाकण्यासारखी नाही. ते म्हणतात : आम्ही वकील नाही, आर्किटेक्ट नाही, आम्ही दोन माणसांची गाठ घालून देतो. दहा घरं दाखवावी तेव्हा एक सौदा होतो. गिऱ्हाईक घर बघून परस्पर मालकाशी संधान बांधतं आणि आमची दलाली बुडवतं. सगळं खरं सांगणारा मागे पडतो, गोड बोलणारा सौदा करतो. यातलं शेवटचं वाक्य तर माझ्याच बाजूचं आहे. कायद्यात कर्तव्य नसल्यामुळे प्रामाणिक एजंटचं नुकसान होतं. त्याने ओसी नाही असं सांगितलं की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं, जिथे 'येईल महिन्याभरात' असं ऐकायला मिळतं. सांगणं सगळ्यांनाच बंधनकारक झालं, तर हा फरक मिटेल. आणि लेखी नेमणूक आली तर दलाली बुडवणाऱ्या गिऱ्हाइकाविरुद्धही त्याच्या हातात कागद येईल.

मालकी हक्काची छाननी एजंटने करावी असं मी म्हणत नाही, ते वकिलाचं काम आहे. मागणं एवढंच आहे की विक्री असो वा भाडं, नवं असो वा जुनं, दलाली घेणाऱ्या प्रत्येकाची राज्याने नोंदणी करावी. आणि टोकन घेण्याआधी त्याने सहीचं एक पान द्यावं. मला या व्यवहारात कोण किती पैसे देतंय, कोणते कागद मी स्वतः पाहिले, कोणते पाहिले नाहीत, ओसी आहे की नाही, गळती, पूर, खटला, पुनर्विकासाचा वाद, थकलेली देणी यांपैकी मला काय ठाऊक आहे, हे त्यात असावं. 'पाहिलेलं नाही' असं लिहिण्यात काहीच कमीपणा नाही. ते लिहून न देता 'क्लिअर आहे' म्हणण्यात मात्र आहे, आणि तसं करणाऱ्याची दलाली परत मागण्याचा हक्क ग्राहकाला मिळाला पाहिजे. फ्लॅटपुरता नमुना महारेराला तयार करणं कठीण नाही. जमिनीसाठीचा नमुना महसूल आणि नोंदणी खात्याने करावा.

हे होईपर्यंत आज आहे त्या कायद्यातही एक दार उघडं आहे, आणि ते बहुतेकांना माहीत नसतं. दलाली देऊन घेतलेली सेवा ही ग्राहक संरक्षण कायद्याच्या अर्थाने सेवा आहे, त्यामुळे एजंटने दिशाभूल केली तर थेट त्याच्याविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. त्याने काय सांगितलं त्याचा पुरावा, आणि त्याला पैसे दिल्याचा पुरावा. तेव्हा तोंडी आश्वासन ऐकून घरी आलात की त्याच संध्याकाळी त्याला मेसेज करा : 'आज आपण सांगितलंत की ओसी आहे, सोसायटीची थकबाकी नाही आणि पार्किंग फ्लॅटसोबत आहे. बरोबर ना?' उत्तर जपून ठेवा. दलाली रोख देऊ नका. चेकने किंवा ऑनलाइन द्या आणि पूर्ण नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक असलेली पावती घेतल्याशिवाय देऊ नका. पावती द्यायला जो तयार नाही, त्याच्या हातात टोकन देऊ नका.